सिस्टरनं पास केलेली गाडी

सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गुरुजींचा बदलीचा अर्ज संगणकावर भरत होते. फोन वसमतहून होता, त्यांच्या भाच्याचा, दत्ताचा; शेवटी त्या त्याच्याकडेच राहायला गेल्या होत्या. "आत्या गेली ताई. सकाळी च्या पिली, कप खाली ठेवला आन् मान टाकली. काही तकलीफ न्हाई झाली." मी नुसतं "बरं" म्हणाले. अशा वेळी दुसरं काय म्हणतात ते मला अजून कळलेलं नाही. मग मी तो अर्ज पूर्ण भरला, दोनदा तपासला, पाठवला. गुरुजींनी विचारलं, "कोण वारलं?" मी म्हणाले, "सिस्टर." कोणत्या सिस्टर असं काही त्यांनी विचारलं नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली.

या गोष्टीला आता महिना उलटून गेला. सिस्टरवर, म्हणजे सुलोचनाबाईंवर, लिहायचं म्हटलं की लोकांची अपेक्षा असते की औंढ्याच्या बाजूच्या खेड्यांत तीस वर्षं पायी फिरलेल्या नर्सबद्दल लिहावं. ते लिहायला त्यांच्या बरोबरीच्या बायका आहेत, त्यांनी लिहावं. मला लिहायचं आहे ते त्यांच्या एका चुकीबद्दल. कारण त्या चुकीत माझा निम्मा वाटा होता आणि तो मी कधी उघडपणे घेतला नाही. त्या होत्या तोवर आज घेऊ, उद्या घेऊ असं करत राहिले... आता थकवा आलाय, पण निदान लिहून तरी टाकावं.

आमची ओळख त्या निवृत्त झाल्यावरची. जिल्हा तेव्हा नवा होता, हिंगोलीत कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंगही वाळला नव्हता, आणि मी स्टेशन रोडला चार संगणकांचं इंटरनेट कॅफे उघडलं होतं. बाईमाणसानं असलं दुकान चालवणं म्हणजे गावाला फुकटचा तमाशा. पडद्याआडून डोकावून जाणारेच जास्त. अशात एक दिवस पांढऱ्या पातळातल्या, पायात कॅनव्हासचे बूट घातलेल्या एक बाई आत आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "हे शिकायचंय मला," त्या म्हणाल्या. मी वय विचारलं तर म्हणाल्या, "वय इचारून राहिलीस का अक्कल?" पुढच्या आठ दिवसांत त्यांना मराठी टायपिंग येऊ लागलं. त्या यायला लागल्या तशी डोकावणारी मंडळीही कमी झाली, कारण निम्म्या लोकांना लहानपणी त्यांनीच सुया टोचल्या होत्या आणि ते त्यांना अजून घाबरत होते.

त्या सुमारास मी 'हाकेसरशी' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. कल्पना साधी होती. जिल्ह्यात कोण काय काम करतं याची यादी. बोअर पाडणारे, जळालेली पाण्याची मोटार भरून देणारे, हळद शिजवणाऱ्या टोळ्या, मंडपवाले, मेंढरांची लोकर कातरणारे. ज्याला काम हवं त्यानं कॅफेत येऊन कागदी फॉर्म भरायचा, मी तो संकेतस्थळावर चढवायची. पुण्या-नांदेडला गेलेली मुलं तिकडून बघून घरी फोन करायची. पण खेड्यांत इंटरनेट कुठलं? म्हणून दर पंधरवड्याला मी यादीची छापील प्रत काढून गावोगावच्या टपऱ्यांवर, पिठाच्या गिरण्यांवर चिकटवायला देत असे. खरं सांगायचं तर संकेतस्थळापेक्षा तो कागदच जास्त चालला.

कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही, हा विचार मी केलाच नव्हता. येईल त्याला घ्यायचं, असं माझं धोरण. पहिल्याच महिन्यात एका माणसानं 'कावीळ, मूळव्याध, मुतखडा एका दिवसात खलास' असा फॉर्म दिला आणि मी तो आनंदानं चढवत होते. सिस्टर शेजारी बसल्या होत्या. त्यांनी कागद उचलला, चष्मा वर केला. "ह्यो डोळ्यात रस पिळतो कावीळवाल्याच्या. दोघांचे डोळे गेलेत. काढ." मी म्हणाले, त्यानं लिहिलंय ते त्याचं मत, आपण फक्त यादी देतो. "यादी कोण देऊन राहिलं? तूच ना? मंग तुजं मत काय?" त्या दिवसापासून फॉर्म तपासायचं काम त्यांच्याकडे गेलं. मी दिलं असं नाही, त्यांनी घेतलं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. फॉर्मवर दोन जामीन माणसांची नावं पाहिजेत, आणि ती माणसं घरची नकोत. मग त्या स्वतः फोन करणार. गावात फोन नसेल तर एसटीडी बूथवाल्याला सांगून माणूस बोलावून घेणार. प्रश्न एकच, "तुमच्या घरी काम पडलं तर ह्यालाच बोलवाल का?" पलीकडचा क्षणभर जरी थांबला, तरी सिस्टरचं लाल पेन चाललंच समजा. हाड बसवणाऱ्या एका वैदूला त्यांनी घेतलं, पण त्याच्या नावापुढे लिहायला लावलं : 'फक्त मुरगळलेलं. मोडलेलं हाड दवाखान्यात न्यावं.' तो वैदू तणतणत आला, म्हणाला, धंदा बसेल. सिस्टरनं त्याला चहा पाजला आणि एकही अक्षर बदललं नाही.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईचा नंबर यादीत गेला आणि तिला अचकट-विचकट फोन येऊ लागले, तेव्हा मी म्हणाले, याला आपण काय करणार? सिस्टरनं सगळ्या बायकांचे नंबर काढून टाकले. त्या जागी आमच्या कॅफेचा नंबर घातला. फोन आला की आधी सिस्टर बोलणार, तो माणूस खरंच ब्लाऊज शिवायला बोलतोय का आणखी कशाला, हे त्यांना दुसऱ्या वाक्याला कळायचं, आणि मग त्या जे ऐकवायच्या ते इथं छापता येणार नाही. अभिप्राय लिहायची सोय मी मोठ्या हौसेनं केली होती. तिथं लोकांनी कामापेक्षा कामकऱ्याची जातच जास्त लिहिली. त्या रोज सकाळी आल्या की आधी तेवढं पुसायच्या, अंगण झाडल्यासारखं, न बोलता. एकदा फक्त म्हणाल्या, "लोकाला जागा मिळाली की लोक घाणच टाकतेत. आपण झाडत राहावं."

कायद्याची गोष्टही त्यांनीच मला सांगितली. पोटातलं लेकरू मुलगा की मुलगी हे सांगणं गुन्हा आहे, एवढं मला माहीत होतं. पण त्याची जाहिरात करणं, आणि ती इंटरनेटवर करणंसुद्धा गुन्हा आहे, आणि ती छापणाराही अडकतो, हे माहीत नव्हतं. त्यांनी सरकारी पत्रकाची झेरॉक्स आणून माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवली. 'पुत्रप्राप्तीचा हमखास उपाय' असले तीन-चार फॉर्म तरी त्यांनी माझ्यासमोर टराटरा फाडले. त्यामुळे मी निर्धास्त होते. सिस्टर असताना आपल्या यादीत असलं काही शिरणारच नाही, असं मी धरून चालले.

पुढचं सांगण्याआधी सविताबद्दल सांगायला हवं. सविता शिरड शहापूरजवळच्या वस्तीवरची. तिच्या आईला कळा सुरू झाल्या तेव्हा गावात गाडी नव्हती. ज्याची जीप होती तो लग्नाला गेला होता. सिस्टरनं तिला बैलगाडीत घातलं आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागल्या. सविता वाटेत गाडीतच झाली. आई दवाखान्यापर्यंत पोचली नाही. "अंग गार पडत चाललं व्हतं आन् बैलं आपली चालून राहिली व्हती त्यांच्या चालीनं," एवढंच त्या सांगायच्या. सविता आजीकडे वाढली. नव्वदच्या दशकात सिस्टर नोकरीनिमित्त त्या बाजूला गेल्या की तिच्या घरी डोकावल्याशिवाय यायच्या नाहीत. सातवीपर्यंत तिला शाळेत टिकवलं ते त्यांनीच. तिच्या लग्नात मामा नव्हता म्हणून अंतरपाटामागे तिच्या पाठीशी ह्या उभ्या राहिल्या, आणि पाहुणे कुजबुजले तरी हलल्या नाहीत.

'हाकेसरशी'ला तीनेक वर्षं झाली असतील. एक फॉर्म आला. 'गरोदर बायांसाठी जीपगाडी. परगावच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन आणू. सोबत बाईमाणूस. केव्हाही हाक मारा.' सिस्टरनं तो वाचला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी काम सोडून बघत राहिले. "झालं बघ," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी कुणाला तरी सुचलं बघ." त्यांनी जामिनांची नावं वाचलीच नाहीत. फोन केला नाही. लाल पेन उघडलंसुद्धा नाही. उलट, यादीत सगळ्यात वर घाल म्हणाल्या. कोपऱ्यात 'तपासलं – सु. सिस्टर' असा त्यांचा शेरा आम्ही खात्रीच्या नोंदींपुढे छापायचो, तोही घातला. मला एक गोष्ट खटकली होती. जवळचे दवाखाने सोडून 'परगावच्या' का, असं माझ्या मनात आलं होतं. मी विचारलं नाही. त्या एवढ्या खुशीत होत्या... आणि आळस, दुसरं काय. तपासायचं काम त्यांचं, आपण कशाला डोकं लावा.

चार-पाच महिन्यांनी एका दुपारी सविता सिस्टरच्या घरी आली. मी तिथंच होते, त्यांच्याकडून नवे फॉर्म न्यायला आलेली. तिला उभं राहवत नव्हतं. अंगात ताप, ओठ पांढरे. दोन मुली होत्या तिला, तिसऱ्यांदा दिवस गेले होते हे सिस्टरला माहीत होतं. सिस्टरनं पोटाला हात लावला आणि काढून घेतला. "कुठं नेलं व्हतं?" सविता म्हणाली, राज्याच्या हद्दीपलीकडं. तपासलं, मुलगी निघाली, तिथंच पिशवी साफ करून आणली. "आन् तू गेलीस? मला निरोप न्हाई धाडला? तुला कळना झालं का गं, कशाला नेऊन राहिले ते?"

"कळलं व्हतं," सविता म्हणाली. "मी न्हाई म्हणले व्हते. बसत नव्हते गाडीत. मंग मामंजींनी गिरणीवरचा कागद आणून दाखवला. म्हणले, बघ, सिस्टरनं पास केल्याली गाडी हाय. नुसतं तपासायला चाललो. तुमचं नाव वाचलं मी. मंग बसले."

सिस्टरनं तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, सलाइन लागेपर्यंत तिथं उभ्या राहिल्या. सविता वाचली. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात माणसं मोजकीच, फिरून फिरून तीच भेटतात. तरीही तीच पोरगी, तीच गाडी आणि तोच शेरा हे माझ्या डोक्यात आजही नीट बसत नाही.

संध्याकाळी कॅफेत आल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे ती नोंद पुसली. मग तो कागदी फॉर्म शोधला आणि फाडायला घेतला. काचेखालची झेरॉक्स समोर दिसत होती. छापणाराही अडकतो. सिस्टरनं माझं मनगट धरलं. "ठेव तो." मी ओरडले त्यांच्यावर. म्हणाले, दुकान माझं आहे, आत मी जाणार, तुमचं काय जातंय? आणि मग जे बोलायला नको होतं तेही बोलले. "फोन का नाही केलात? सगळ्यांना करता, यालाच का नाही?"

"न्हाई केला," त्या म्हणाल्या. एवढंच. कारण दिलं नाही, बैलगाडीचं नाव काढलं नाही. फॉर्म माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी त्या फॉर्म घेऊन आरोग्य खात्याच्या कचेरीत गेल्या. मी सोबत गेले, पण बाहेर बसले. त्यांनी लेखी जबाब दिला की ही नोंद मी तपासली, मी पास केली, दुकानाच्या मालकिणीचा यात संबंध नाही. हे खोटं होतं. माझ्या मनात शंका आली होती आणि मी ती गिळली होती, हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. आत जाऊन सांगायला फार तर दहा पावलं होती. मी बाहेर बसून राहिले. त्या बाहेर आल्यावर मी त्यांच्याकडं बघितलं नाही, आणि त्यांनी मला एका अक्षरानं विचारलं नाही.

पुढं काय व्हायचं ते झालं, म्हणजे काहीच नाही. जीपवाला म्हणाला, मी गाडी हाकतो, बाया दवाखान्यात काय करतात मला काय ठाऊक. हद्दीपलीकडचं प्रकरण दुसऱ्या राज्याचं. सविताला सासरच्यांनी घरात कोंडलं आणि जबाब फिरवायला लावला. चौकशी चालू राहिली, साहेब बदलले, कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेले. मला कुणी हात लावला नाही. मी 'हाकेसरशी' बंद केलं. सिस्टर म्हणाल्या, "तू यादी बंद केलीस. गाडी कुठं बंद झाली?" मी म्हणाले, सिस्टर, मला झेपत नाही आता. त्या म्हणाल्या, "व्हय, न्हाई झेपत." आणि त्यांचं लाल पेन टेबलावरच ठेवून निघून गेल्या. रागानं नव्हे. त्यांना त्याचं काम उरलं नव्हतं, एवढंच.

त्यानंतर त्या बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडच्या बाहेर जाऊन बसू लागल्या. जिथं काळ्या-पिवळ्या जीपगाड्या भरतात तिथं एक सिमेंटचं बाकडं आहे. सकाळी जायच्या, दुपारी परत. पोटुशी बाई दिसली की हाक मारायच्या. कितवा महिना? कुठं चाललीस गं? कोण सांगलं जायला? तुजं मन हाय का? बहुतेक बाया माहेरी नाहीतर खऱ्याच दवाखान्यात निघालेल्या असायच्या, त्या हसून उत्तर द्यायच्या. काही सासवा अंगावर यायच्या. गाडीवाले वैतागायचे, म्हातारी चळली म्हणायचे. एखादी बाई गाडीतून उतरून त्यांच्याजवळ बसून रडली, असंही कधी कधी झालं म्हणतात. मी डोळ्यांनी पाहिलं नाही, कारण मी त्या रस्त्यानं जायचंच टाळत होते. मला लाज वाटायची. आधी वाटलं त्यांची वाटते. नंतर कळलं, माझीच.

आमची शेवटची भेट तिथंच. पावसाची झड होती, दुसरा रस्ता तुंबला म्हणून मी त्या बाजूनं निघाले आणि त्यांनी बघितलं. छत्री धरून बसल्या होत्या, बाकड्यावर शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी होती. खूप थकलेल्या दिसल्या. "ये, बस जराशी," त्या म्हणाल्या. "तुज्यासारखी कुणी सोबत असली म्हंजे गाडीवाले तोंड घालत न्हाईत." मी म्हणाले, अर्ज भरायची शेवटची तारीख आहे, माणसं खोळंबलीत. तारीख खरंच होती. पण दहा मिनिटं बसता आलं असतं. त्या म्हणाल्या, "जा मंग, काम पाय." मी गेले.

गेल्या बाजाराच्या दिवशी मी दुकानाला कुलूप लावलं आणि तिथं गेले. काही ठरवून नव्हे. दत्तानं दिवसांचं जेवण घातलं त्याला मी जाऊ शकले नव्हते, तर निदान तिथं थोडं बसावं, एवढंच मनात होतं. गाड्या बाकड्यासमोर उभ्या नव्हत्या. सगळ्या रस्त्यापलीकडे, भिंतीला लागून. शेजारच्या पानवाल्याला विचारलं तर म्हणाला, सिस्टरच्या कटकटीनं त्यांनी जागा बदलली, तीच सवय लागून गेली. आता इकडं कुणी बसत नाही तरी गाडी कुणी इकडं आणत नाही. मला हसू आलं, आणि मग एकदम रडूही आलं. मी बाकड्यावर बसले, पदरानं डोळे पुसले. फार एकटं वाटलं.

थोड्या वेळानं पलीकडच्या एका जीपजवळून एक तरुण बाई निघाली. सासू आत बसली होती, पाय गाडीबाहेर. "कुठं चालली गं? सुटंल गाडी!" बाई म्हणाली, चपलेचा अंगठा तुटला, आलेच. रस्ता ओलांडून सरळ बाकड्याकडे आली आणि माझ्या शेजारी बसली. चप्पल काढून हातात घेतली. अंगठा शाबूत होता. पोट दिसत होतं. तिनं माझ्या पायांकडं बघितलं, मग चेहऱ्याकडं, मग आजूबाजूला.

"हितं एक सिस्टर बसत्यात म्हणले व्हते," ती हळूच म्हणाली. "इचारतेत म्हणं, कुठं चाललीस म्हणून... आज आल्या न्हाईत का?"

पलीकडे गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. सासूनं पुन्हा हाक मारली. ती उठायला लागली, चप्पल पायात सरकवत, आणि मी तिचा हात धरला. मी असलं कधी कुणाला विचारलेलं नाही. माझी भाषाही ती नाही. पण तोंडातून आलं ते तसंच आलं.

"कुठं चाललीस गं? तुजं मन हाय का जायचं?"

ती परत बसली. बाकड्याची कड दोन्ही हातांनी धरली.

"न्हाई," ती म्हणाली. मग आणखी एकदा म्हणाली, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्यानं.